बावन्न मिनिटांवरची मुलगी

नागपूर ते हॅलिफॅक्स हे अंतर अकरा हजार आठशे किलोमीटर आहे, आणि मंजूषाबाई लांजेवारांच्या मते हॅलिफॅक्स गावातल्याच बर्डीच्या बाजारापेक्षा जवळ होतं. त्यात त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही. त्रिमूर्तीनगरातल्या घरून संध्याकाळच्या वेळी बर्डीवर जायचं तर सव्वा तास सहज मोडायचा. त्यांची मुलगी मात्र कॅनडाच्या पूर्व टोकावरून बावन्न मिनिटांत नागपूरच्या विमानतळावर उतरायची. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दोन शहरांतलं अंतर कसं मोजायचं, हे त्यांनी दीड-दोन हजार पोरापोरींना दाखवलं असेल. आता दोऱ्याचं काम संपलं होतं. अंतर मिनिटांत सांगायची पद्धत पडली होती.

त्या मुलीचं नाव शर्वरी. वय सेहेचाळीस, एकटी, आणि कामाने पायलट. पायलट म्हटल्यावर त्रिमूर्तीनगरात सगळ्यांना विमान आठवायचं आणि मंजूषाबाईंनी लोकांचा गैरसमज कधी दूर केला नाही. खरं म्हणजे शर्वरी जहाजांची पायलट होती. दूरदेशाहून आलेल्या कप्तानाला बंदरातलं पाणी ठाऊक नसतं. कुठे खडक आहे, कुठे प्रवाह ओढतो, हे ठाऊक असलेला एक स्थानिक माणूस छोट्या बोटीतून समुद्रात जातो, चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेली दोरशिडी चढतो आणि जहाज धक्क्याला लावून देतो. तो माणूस म्हणजे पायलट. समुद्रापासून शेकडो कोस दूर, ऐन मध्य भारतात वाढलेल्या मुलीला हे वेड कुठून लागलं, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण लागलं होतं हे खरं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसातला ती अशीच शिडीखाली उभी होती. जहाज तीनशे मीटर लांब, शिडी नऊ मीटर उंच, समुद्र मध्यम. तिने पहिल्या पायरीला हात घातला आणि मनगट थरथरलं. मनगटावरच्या पट्टीवर अक्षरं उमटली : ‘सान्निध्य विनंती. आपण बावन्न मिनिटांवर आहात.’

‘‘आजही?’’ बोटीवरच्या खलाशाने विचारलं. गुरुवारचं आता त्यालाही पाठ झालं होतं.

शर्वरीने मान वर केली, आणि शिडी, जहाज, आकाश असं सगळंच डावीकडे कलंडलं. तिचा हात पायरीवर पडायच्या ऐवजी हवेत पडला. खलाशाने जाकिटाला धरून मागे खेचलं नसतं तर ती बोट आणि जहाज यांच्या मधे गेली असती. तिथे गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

‘‘पाय घसरला,’’ ती म्हणाली. पाय घसरला नव्हता हे दोघांनाही दिसलं होतं. खलाशाने बदली पायलटला बोलावून घेतलं आणि शर्वरी धक्क्यावर उतरून विमानतळाकडे धावली.

या प्रवासाला सरकारी भाषेत ‘अर्धकक्षीय उड्डाण’ म्हणत असत. लोक नुसतंच ‘उडी’ म्हणायचे, आणि तेच खरं वर्णन होतं. जुन्या विमानाचा सगळा जोर हवा बाजूला सारण्यात जायचा. नव्या यानाने ती कटकटच ठेवली नाही. पहिली नऊ मिनिटं इंजिन पेटतं आणि यान हवेच्या थराच्या वर, शंभरेक किलोमीटर उंच फेकलं जातं. तिथे अडवायला काही नसतं. इंजिन बंद करायचं आणि भिरकावलेल्या दगडासारखं पृथ्वीच्या कडेकडेने जात राहायचं. साधारण अर्धा तास माणसाला वजन नसतं. मग यान पुन्हा हवेत शिरतं, हवा त्याला अडवते, आणि तेवढी काही मिनिटं माणसाचं वजन साडेतीन पट होतं. यातली गंमत अशी, की वर जाणं आणि खाली येणं यालाच वेळ लागतो, मधलं अंतर जवळजवळ फुकट पडतं. त्यामुळे लांबच्या शहरांना उडी परवडते, जवळच्यांना नाही. नागपूरहून हॅलिफॅक्सला उडी होती. नागपूरहून पुण्याला नव्हती. पुण्याला जायला वेगवान रेल्वे, तीन तास चाळीस मिनिटं.

आणि इथेच शर्वरीचा पाय अडकला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी जेव्हा सान्निध्य कायदा आला, तेव्हा त्यात लिहिलं होतं, की दोन तासांच्या आत पोचू शकणारं अपत्य हे ‘जवळचं’ समजावं आणि निकडीच्या वेळी त्याने हजर व्हावं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच गावातली, फार तर शेजारच्या तालुक्यातली मुलं असणार. उड्या सुरू झाल्या आणि कायद्यातलं अक्षरही न बदलता जगभरची मुलं जवळची झाली. पुण्यात राहणारा शर्वरीचा धाकटा भाऊ निनाद लांबचा ठरला. अटलांटिक समुद्राकाठची शर्वरी जवळची ठरली. तीन बोलावणी चुकली की पासपोर्टचं नूतनीकरण थांबत असे, आणि शर्वरीचा पासपोर्ट भारताचाच होता. तो थांबला की तिकडचा परवाना गेला, परवाना गेला की शिडी गेली.

दोन तास पुरे व्हायला सहा मिनिटं असताना ती धापा टाकत घरात शिरली. मंजूषाबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. चेहरा टवटवीत होता.

‘‘आलीस? हात धू. कालची पाटवडी आहे, गरम करून घे.’’

‘‘आई, तुला काय होतंय?’’

‘‘मला कायले काही होते?’’

‘‘मग बोलावलंस कशाला?’’

‘‘मी कुठं बोलावलं? तूच येऊन राहिली दर गुरुवारी. मला वाटते, बरं आहे, पोरगी येते. पण बसत नाही तू धड. आली की घड्याळ पाहते.’’

शर्वरीला वाटलं, आई आता साळसूदपणाचा आव आणते आहे. वर्षभरात एकेचाळीस बोलावणी झाली होती आणि प्रत्येक वेळी हेच. पूर्वी ती दोन वर्षांतून एकदा यायची. तीन विमानं, सव्वीस तास. तेव्हा आई विमानतळावर यायची, गोळाभात करायची, शेजारणींना बोलावून मुलगी दाखवायची, आणि निघताना दोघी रडायच्या. ते रडणं शर्वरीला आवडायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या लांबून आईवर प्रेम करणं तिला छान जमायचं. आता तिला कालची पाटवडी मिळत होती आणि तिच्या मनात आईबद्दल जे येत होतं, त्याची तिला लाज वाटत होती. तिने पाटवडी गरम केली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

ती हॅलिफॅक्सला परतेपर्यंत खलाशाने जे करायचं ते केलं होतं. बंदराच्या कचेरीला कळवलं होतं. शर्वरी त्याच्यावर रागावली नाही. तिनेही तेच केलं असतं. बंदराच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटून, एका पायावर, हलत्या फळीवर उभं केलं. पायलटने तीस सेकंद उभं राहायला हवं. तिचा पाय एकोणिसाव्या सेकंदाला खाली आला.

डॉक्टर वयस्क होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. कानाच्या आत, खूप आत, एका चिकट पडद्यावर खडूच्या भुकटीसारखे बारीक कण बसलेले असतात, त्या म्हणाल्या. डोकं कललं की ते कण किंचित घसरतात आणि त्यावरून मेंदूला खाली कुठे, वर कुठे हे कळतं. वजन नसलं की ते सुटे होतात. लगेच साडेतीन पट वजन आलं की भलत्याच जागी जाऊन आदळतात. कधीमधी उडी मारणाऱ्याचे कण आपापल्या जागी परत येतात. म्हणून तर माणशी वर्षाला बारा उड्यांची मर्यादा आहे.

‘‘तुमच्या जाऊन-येऊन ब्याऐंशी झाल्या आहेत,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘हे कसं शक्य आहे?’’

‘‘आईसाठीचा प्रवास त्यात धरत नाहीत. तो कर्तव्यप्रवास.’’

‘‘कानाला कर्तव्य कळत नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘आता थांबलात तर दोनेक महिन्यांत सुधारेल. आणखी चार-सहा उड्या मारल्यात तर कधीच नाही. शिडी विसरा, जिना उतरताना भिंत धरावी लागेल. तोवर किनाऱ्यावरचं काम करा. नोव्हेंबरात पुन्हा तपासू.’’

शर्वरीने निनादला फोन लावला. निनाद चांगला मुलगा होता, फक्त रडका होता.

‘‘ताई, मी जातो गं आईकडे, महिन्यातून दोनदा जातो. पण माझी हजेरीच लागत नाही! दारातली हजेरीची पट्टी म्हणते, लांबचे नातेवाईक, स्वागत आहे. मला, पोटच्या पोराला!’’

‘‘तू तिला पुण्याला घेऊन जा.’’

‘‘विचारलं. म्हणे, तुमच्या पुण्यात दुपारी एक वाजता दुकानं बंद होतात, मी नाही येत.’’

तेव्हा शर्वरीने ठरवलं, की शेवटची एक फेरी करायची. दोन उड्या, जायची आणि यायची. ती बोलावण्याची वाट न पाहता बुधवारीच निघाली आणि गुरुवारी सकाळी नागपूरच्या सान्निध्य कक्षात जाऊन बसली. तिथल्या अधिकारी देवगडेबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी परदेशी डॉक्टरांचं पत्र वाचलं, खरंच वाचलं, आणि म्हणाल्या, ‘‘पडताळणीला आठ महिने लागतात. तोवर बोलावणी चालू राहतात. पण मला एक सांगा, तुमच्या आईला त्रास काय आहे?’’

‘‘काहीच नाही! तेच तर मी म्हणते. ती मुद्दाम बोलावते.’’

देवगडेबाईंनी नोंद काढली. एकेचाळीस ओळी, आणि कारणाच्या रकान्यात एकेचाळीस वेळा तेच : ‘भावनिक निकड. स्वतः व्यक्त केली.’

‘‘घरात सोबती बसवलाय ना, बोलणारा डबा? तो आठवड्यातून एकदा गप्पा मारतो. एकटेपणा पाहायचा असतो. त्यात एक प्रश्न आहे, मुलीची आठवण येते का? येते म्हटलं की निकड धरतो आणि विनंती पाठवतो.’’

शर्वरी त्या रकान्याकडे पाहत राहिली. ‘‘आठवण येते असं कोणती आई म्हणणार नाही?’’

‘‘बहुतेक जणी म्हणतात,’’ देवगडेबाईंनी कबूल केलं. ‘‘पण बहुतेकींची मुलं गावात असतात. त्यांना चालून जातं.’’

‘‘मग तिने नाही म्हटलं तर?’’

‘‘विनंती जाणार नाही. पण चार वेळा सलग नाही आलं, तर सोबती स्मृतीची तपासणी लावतो. त्यात ती तुम्हाला ओळखते असं निघालं, तर मग घरात काहीतरी बिनसलंय असं धरतात, आणि समेटासाठी तुम्हालाच बोलावतात. दर आठवड्याला.’’

‘‘आणि ओळखत नाही असं निघालं तर?’’

‘‘मग बोलावून उपयोग काय? त्यांना पूर्ण वेळ सेविका मिळते. मुलांना मोकळं करतात.’’ देवगडेबाईंनी पत्राची नीट घडी घालून परत दिली. ‘‘वाईट वाटून घेऊ नका. प्रश्न चांगल्या मनाने लिहिलाय.’’

घरी पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. मंजूषाबाई चहा टाकत होत्या. सोबती देवघराच्या फळीवर, अन्नपूर्णेच्या बाजूला ठेवला होता, कारण स्वयंपाकघरात रिकामा प्लग तेवढाच होता. बाई रोज देवांबरोबर त्यालाही फूल वाहायच्या. चार वाजले आणि डबा गोड आवाजात बोलू लागला.

‘‘नमस्कार, मंजूषाबाई. गुडघा कसा आहे?’’

‘‘बरा आहे बाप्पा.’’

‘‘शर्वरीची आठवण येते का?’’

मंजूषाबाईंनी मागे वळून दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘‘येते नं. येणार नाही का?’’

शर्वरीचं मनगट थरथरलं. ‘सान्निध्य विनंती. आपण शून्य मिनिटांवर आहात.’

ती हसली असती, पण हसू आलं नाही. तिने आईचा हात धरून तिला डब्यापासून दूर, बाहेरच्या ओट्यावर नेऊन बसवलं, दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. कायदा, नोंद, कान, हवेत पडलेला हात. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘‘म्हणजे मी आठवण काढली की तुला यावं लागते?’’

‘‘हो.’’

‘‘मला वाटे, तुझंच मन होते. मी लोकांना सांगत होती, पोरगी एवढ्या लांबून दर गुरुवारी येते.’’ त्यांनी पदराने चष्मा पुसला. ‘‘आता काय करू? नाही येत म्हणू? देवासमोर ठेवलंय ते. देवासमोर म्हणू, की मला माझ्या पोरीची आठवण येत नाही?’’

‘‘म्हणून उपयोग नाही,’’ शर्वरी म्हणाली, आणि तपासणीचंही सांगून टाकलं. तिचा आवाज चढला होता. वर्षभराचं साठलेलं होतं, बावन्न-बावन्न मिनिटांचं. ‘‘आई, मी इतकी लांब गेले ना, ती काही नोकरीसाठी नाही गेले. लांब जायचं होतं म्हणून गेले. मला श्वास घ्यायला तेवढं अंतर लागतं. ते त्यांनी काढून घेतलं. आता तू मला ओळखेनाशी झालीस तरच माझी सुटका आहे!’’

बोलून झालं आणि मग तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

स्वयंपाकघरात चहा उतू गेला, खिडकीतून त्याचा वास आला, तरी मंजूषाबाई उठल्या नाहीत. मग त्यांनी भलतंच विचारलं. ‘‘ते शिडी चढायचं काम तुला लय आवडते का?’’

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. ‘‘सकाळी धुकं असतं, आई. समोरचं काही दिसत नाही. आणि एवढं मोठं जहाज, गावाएवढं, मी म्हणते तसं वळतं. डावीकडे म्हटलं की डावीकडे. मी तेव्हा कुणाचीच कुणी नसते. फक्त तिथे असते.’’ ती थांबली. ‘‘हो. खूप आवडतं.’’

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या, आणि चहाचं भांडं घासायला उठल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी शर्वरी बंदराच्या कचेरीत, किनाऱ्यावरच्या कामाला बसली होती. साडेसात वाजले. पट्टी थरथरली. तिथे लिहिलं होतं : ‘आज विनंती नाही. आपल्या आईंना आपली आठवण येत नाही.’

पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंद झाला. मग ते वाक्य तिने पुन्हा वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आईला मांजर आडवं गेलेलं चालत नसे, एकादशीला चुकून भात खाल्ला तर ती कानाला हात लावत असे. ती आत्ता, अन्नपूर्णेसमोर उभी राहून, हे बोलली होती.

दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारीही तेच. शर्वरी फोन करायची, तेव्हा आई हवापाण्याचं बोलायची आणि लगेच ठेवायची. सोबतीला घरातलं सगळं ऐकू जायचं. चौथ्या गुरुवारी ‘आठवण येत नाही’च्या खाली आणखी एक ओळ आली : ‘स्मृती तपासणी ठरवली आहे. लांबचे नातेवाईक उपस्थित राहू शकतात.’

तपासणीला निनाद गेला होता. त्याचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

‘‘ताई, सगळं सांगितलं गं तिने. वर्धा नदी कुठे उगम पावते, सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत गेली, डॉक्टर म्हणाले पुरे. माझं नाव, माझ्या बायकोचं नाव, बाबा गेले ती तारीख. मग म्हणाले, मुलं किती? म्हणे, एक. निनाद.’’

‘‘आणि मी?’’ शर्वरीने विचारलं.

‘‘तुझा फोटो दाखवला. तो शिडीवरचा, नारिंगी जाकीट घातलेला. तिने हातात घेतला, चष्मा लावून पाहिला. म्हणे, नाही बाप्पा, ओळखीची वाटत नाही. कोणाची आहे? मोठी हिमतीची दिसते. मग डॉक्टरांनी चार वेळा विचारलं. चारही वेळा नाही म्हणाली.’’ निनादने नाक ओढलं. ‘‘ताई, ती सोंग करते का गं? माझ्याशी एकटी असतानाही तुझं नाव काढत नाही. मला काही कळेना. तुला कळतंय?’’

‘‘सोंगच आहे, निनाद,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यासाठी.’’

‘‘नक्की?’’

ती ‘नक्की’ म्हणायला गेली, आणि म्हणू शकली नाही. आई शहात्तर वर्षांची होती. या वयात माणसं खरोखरच विसरतात. आणि खरोखर विसरली असती तरी ती असंच बोलली असती, अगदी हेच शब्द. खात्री करून घ्यायला एकच उपाय होता : समोर जाऊन बसायचं आणि डोळ्यांत पाहायचं. त्यासाठी उडी मारायला हवी होती. आणि समोर बसल्यावर आईने एकदा जरी ‘शर्वरी’ म्हटलं, तरी देवघराच्या फळीवरून ते ऐकलं जाणार होतं. आईने जे केलं ते सगळं एका हाकेने वाया गेलं असतं.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी तिला पुन्हा फळीवर उभं केलं. ती चौतीस सेकंद उभी राहिली. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. तिला समुद्रावर परत घेतलं, पहिली पाळी गुरुवारची दिली.

त्या गुरुवारी सकाळी ती बोटीच्या मागच्या बाजूला उभी होती. धुकं होतं. पट्टी आता कधीच थरथरत नसे. मुक्त झालेल्यांना काही कळवत नाहीत. जहाज यायला दहा मिनिटं होती. नागपुरात चहाची वेळ झाली असणार. तिने घरचा नंबर लावला. सेविकेने उचलला, नाव विचारलं, आणि लांबून ‘आजी, तुमच्यासाठी कोणाचा तरी फोन आहे’ असं ऐकू आलं.

‘‘हॅलो. कोण बोलता?’’

‘‘मी शर्वरी.’’

आईचा आवाज आला, पालकसभेत अनोळखी पालकांशी बोलायची तसा, नीटनेटका.

‘‘नाही बाई, ओळखलं नाही मी. कुठून बोलता?’’

‘‘कॅनडातून. समुद्रावरून.’’

‘‘अगं बाई! फारच लांब आहात हो तुम्ही.’’

शर्वरीने कठडा घट्ट धरला. तोल गेला नव्हता, तरी धरला. वर्षभर तिला जे हवं होतं, ते आईने तिला एका शब्दात देऊन टाकलं होतं, आणि ते हातात आल्यावर तिला ते घेववेना. तिला ओरडून सांगायचं होतं, आई, मी जवळ आहे, बावन्न मिनिटांवर आहे. तेवढंच तर बोलायचं नव्हतं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘लांब आहे मी.’’

‘‘थंडी असेल तिकडे.’’

‘‘आहे.’’

‘‘जेवलात का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘असं उपाशी कामावर जाऊ नये,’’ मंजूषाबाई म्हणाल्या. शेवटचा शब्द जरासा हलला, मग त्यांनी तो सावरला. ‘‘आईला किती काळजी वाटत असेल तुमच्या. कुठं असतात त्या?’’

धुक्यातून जहाजाचा भोंगा वाजला, लांब आणि खोल. खलाशाने तिला हाताने खूण केली.

‘‘कसला आवाज आला?’’

‘‘जहाज आलं. मला चढायचंय आता.’’

‘‘चढा मग,’’ आई म्हणाली. ‘‘सांभाळून चढा.’’

पण फोन तिने ठेवला नाही. शर्वरीनेही ठेवला नाही. पलीकडे कपबशी वाजली आणि मग कुणीतरी मन लावून ऐकत बसल्यावर असते तशी शांतता झाली. जहाजाची काळी भिंत धुक्यातून पुढे आली, शिडी समोर आली. शर्वरीने फोन तसाच चालू जाकिटाच्या खिशात टाकला, दोन्ही हातांनी पायरी धरली आणि वर चढू लागली.